नाना फडणवीस आणि शिवनेरीवरची चिठ्ठी

शिवनेरी म्हटली की आपल्या जुन्नरकरांच्या डोळ्यांपुढे शिवजन्माचा पाळणा येतो. गडावर गेले की शिवाईचे दर्शन, जन्मस्थानी नमस्कार, मग गंगा-जमुनाचे पाणी, आणि आपण खाली येतो. परंतु याच गडावर पुढे पेशवाईतल्या एका भावी पेशव्याला कैदेत ठेवले होते, आणि तिथून चोरून खाली गेलेल्या चिठ्ठ्यांनी पुण्यात मोठा अनर्थ घडला, हे आपल्यातल्या थोड्या जणींना ठाऊक असेल. ज्यांनी त्या चिठ्ठ्या पकडल्या ते नाना फडणवीस. भीमाशंकराला जातो तेव्हा ज्या शिखराला आपण हात जोडतो, त्याच्याशीही त्यांचेच नाव जोडलेले आहे. म्हणजे जुन्नर आणि आंबेगाव या आपल्या दोन्ही तालुक्यांचा नानांशी संबंध आला. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र लिहावे असे मनात आले. मी काही इतिहासाची जाणकार नव्हे. जे वाचले आणि पटले ते सांगते.

नानांचे पूर्ण नाव बाळाजी जनार्दन भानू. मूळ घराणे कोकणातले वेळासचे. आजोबा बाळाजी महादेव हे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्याबरोबर घाटावर आले आणि 1719 साली दिल्लीच्या स्वारीत मारले गेले. तेव्हापासून फडणिशी, म्हणजे दौलतीच्या जमाखर्चाचा आणि कागदपत्रांचा कारभार, या घराण्याकडे राहिला. नानांचा जन्म 1742 साली साताऱ्यास झाला. वडील लवकर गेले, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या अंगावर फडणिशीची वस्त्रे आली. अंगकाठी सडपातळ, प्रकृती नाजूक, स्वभाव देवभोळा. तलवारीपेक्षा लेखणीकडे ओढा. असा मुलगा लढाईला कशाला जाईल? पण गेला, आणि तोही पानिपतला.

त्याचे कारण आईचे होते. सदाशिवराव भाऊसाहेबांची फौज उत्तरेस निघाली, तेव्हा तिच्याबरोबर यात्रा घडेल म्हणून कितीतरी बायकामाणसे निघाली. नानांच्या आई रखमाबाई, पत्नी यशोदाबाई आणि नाना असे तिघे निघाले. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला काशी-प्रयाग घडवायचे, एवढाच त्यांचा हेतू. आपल्यातल्याही कितीजणींनी सासूबाईंना अशी यात्रा घडवली असेल.

14 जानेवारी 1761, संक्रांतीचे दिवस. विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेब गर्दीत दिसेनासे झाले आणि फौज उधळली. नाना तेव्हा एकोणीस वर्षांचेही नव्हते. अंगावरची वस्त्रे टाकून, रानावनातून लपत, उपाशीतापाशी ते चालत राहिले. वाटेत लुटारू, जखमी माणसे, कोण आपला कोण परका कळेना. यशोदाबाई वाचल्या आणि पुढे त्यांची भेट झाली. आई मात्र पुन्हा दिसल्या नाहीत. यात्रेला नेलेली आई रणात हरवून आली, हे दुःख त्यांनी जन्मभर बाळगले असणार. तरुणपणीच त्यांनी स्वतःची हकीकत लिहून ठेवली आहे, आणि तीत हे सारे आहे. मराठीतल्या पहिल्या आत्मचरित्रांत तिची गणना होते. मला तिच्यात आवडते ते हे, की माणूस आपली भीतीही लपवीत नाही.

पानिपताहून सगळ्यांत मोठे कोडे राहिले ते भाऊसाहेबांचे. शुजाउद्दौल्याच्या पदरचे काशीराज पंडित यांनी रणात प्रेते शोधून ओळख पटवली, आणि भाऊसाहेबांच्या देहाला अग्नी देवविला. पण धड एकीकडे आणि शिर एकीकडे, अशा प्रेताची खात्री कोण देणार? पुण्यात बातमी आली ती अर्धीमुर्धी. नानासाहेब पेशवे त्या धक्क्याने त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईही त्या रणात होत्या. जानू भिंताडा नावाच्या इमानी माणसाने त्यांना जपून सुखरूप बाहेर काढले. आपले पती गेले हे त्यांनी कधीच मानले नाही. कपाळावरचे कुंकू त्यांनी 1783 साली देह ठेवीपर्यंत पुसले नाही. दरबारानेही त्यांना ते पुसायला लावले नाही. त्या काळची रीत पाहता ही गोष्ट लहान नव्हे.

आणि मग तोतया उभा राहिला. पानिपतनंतर थोड्याच वर्षांत बुंदेलखंडाकडे एक माणूस आपण सदाशिवरावभाऊ आहोत असे सांगू लागला. चेहरामोहरा पुष्कळसा मिळता होता म्हणतात. त्याला धरून आणला, थोरल्या माधवरावांनी चौकशी केली, तो कनोजा ब्राह्मण निघाला. पण त्याचा जीव घेतला नाही. पार्वतीबाईंच्या मनाचा विचार करून असे झाले, असे सांगतात. एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर, असा तो कैदेत राहिला आणि शेवटी रत्नागिरीस गेला.

इथे जरा थांबून विचार केला पाहिजे. एखादा मनुष्य खोटा आहे हे कारभाऱ्यांना ठाऊक, पण लोकांना नाही. लोकांना खरे सांगायचे तर पानिपतावर काय झाले ते सगळे उघडे करावे लागणार. कोणी पळाले, कोणी वेळेवर मदत केली नाही, बायकामाणसांचे काय हाल झाले, हे सगळे निघणार. ते कोणत्याच थोर घराला नको होते. घराघरांत कोणी ना कोणी परत आला नव्हता. त्यामुळे झाकून ठेवले गेले, आणि झाकलेले तसेच धुमसत राहिले. आपल्या घरातही नको असलेली गोष्ट सुनांपासून लपवली की ती शेजारच्या ओट्यावर भलत्याच रूपाने ऐकू येते, तसेच हे झाले.

मधल्या काळात पुण्यात फार मोठी घालमेल झाली. 1772 साली माधवराव वारले. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून बोट थेट राघोबादादांकडे दाखवले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. नाना, सखारामबापू आणि इतरांनी मिळून बारभाईंचे कारस्थान रचले आणि गंगाबाईंना पुरंदरावर सुरक्षित ठेवले. त्यांच्या सोबतीला पार्वतीबाई होत्या. एकीचा नवरा डोळ्यांदेखत मारलेला, दुसरीचा नवरा जिवंत आहे की नाही याचा पत्ता नाही, आणि दोघी एका गडावर एका बाळाची वाट पाहत बसलेल्या. 18 एप्रिल 1774 ला सवाई माधवराव जन्मले, आणि चाळीस दिवसांचे मूल पेशवा झाले. राघोबादादा इंग्रजांकडे गेले, आणि इंग्रजांशी लढाई जुंपली.

या गडबडीत 1776 साली रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने तोतयाला कैदेतून सोडले. आणि पाहा, काय झाले! किल्ल्यामागून किल्ले त्याच्या हाती गेले. पानिपतचे भाऊसाहेब परत आले म्हणून लोक धावले. वीसेक हजार माणूस त्याच्यामागे जमले, आणि तो बोरघाटापर्यंत येऊन ठेपला. पुण्यातही मनातून त्याला मानणारे थोडे नव्हते. काहींचा विश्वास होता, काहींना बारभाईंवर सूड हवा होता. नानांपुढे प्रश्न दुहेरी होता. नुसता हरवून चालणार नव्हते. त्याचे खोटेपण सिद्ध करायला हवे होते, आणि त्याच्या पाठीशी कोण कोण आहेत तेही खणून काढायला हवे होते.

महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याच्या फौजेचा मोड केला. तोतया समुद्रमार्गे मुंबईला इंग्रजांकडे निसटू पाहत होता, तेव्हा कुलाब्यास राघोजी आंगऱ्यांनी त्याला धरले. इंग्रजांच्या हाती तो लागला असता तर राघोबादादांबरोबर आणखी एक बाहुले त्यांना मिळाले असते. पुण्यास आणल्यावर पंच नेमून उघड चौकशी झाली. भाऊसाहेबांना जवळून ओळखणाऱ्यांच्या साक्षी घेतल्या. नानांनी स्वतः भाऊसाहेबांबरोबर पानिपतापर्यंतची वाट चालली होती, त्यांना काय ओळख पटवायची! पण त्यांनी आपल्या एकट्याच्या शब्दावर निवाडा केला नाही, हे मला विशेष वाटते. खोटेपणा ठरला आणि डिसेंबर 1776 मध्ये तोतयाला देहान्त शिक्षा झाली. त्याला साथ देणाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. पार्वतीबाईंनी मात्र कुंकू पुसले नाही. पंचांचा निकाल त्यांच्या कपाळापर्यंत पोहोचला नाही.

नानांची खरी ताकद त्यांच्या बातमीदारांत होती. दिल्लीस हिंगणे, हैदराबादेस गोविंदराव काळे असे वकील, त्यांच्या हाताखाली अखबारनवीस, आणि गावोगाव जासूद, हरकारे, सांडणीस्वार. कोणाच्या घरी कोण जेवायला गेले, कोणाच्या तबेल्यात किती घोडी वाढली, इथपर्यंत बातमी येई. आलेले पत्र कोणते खरे, कोणते मुद्दाम पेरलेले, हे ताडायची नजर नानांना होती. सखारामबापूंसारखा जुना मुत्सद्दी, बारभाईंतला पहिला माणूस. पण त्यांचाही आतून राघोबादादांशी आणि इंग्रजांशी संबंध असल्याचा कागद हाती आला तेव्हा त्यांना कैदेत टाकले, आणि 1781 साली ते कैदेतच वारले. नानांचे चुलतभाऊ मोरोबा फडणीस यांनी उलटा डाव मांडला होता. त्यांनाही नगरच्या किल्ल्यात बसावे लागले. भाऊबंद म्हणून सूट नाही.

इंग्रजांच्या बाबतीत तर ही नजर फार कामी आली. 1777 साली सँ लुबँ नावाचा एक फ्रेंच मनुष्य पुण्यात आला. नानांनी त्याचा थाटाने सत्कार केला. तो किती पाण्यात आहे हे त्यांना समजत नव्हते असे नाही, पण इंग्रजांच्या पोटात गोळा उठावा एवढे काम त्याच्याकडून झाले. 1778 च्या नोव्हेंबरात मुंबईची फौज राघोबादादांना घेऊन पुण्यावर निघाली. तिच्या प्रत्येक मुक्कामाची खबर पुण्याला लागत होती. वाटेवरची गावे ओस केली, दाणावैरण जाळली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, ज्याला आपले लोक इष्टुर फाकडा म्हणत, तो पडला, आणि जानेवारी 1779 मध्ये वडगावास इंग्रजांनी शरण येऊन करार केला. पुढे आणखी तीन वर्षे लढाई चालून 1782 साली सालबाईचा तह झाला.

एवढे सगळे चांगले सांगितल्यावर वाईटही सांगितले पाहिजे, नाहीतर चरित्र कसले? ज्याला सगळ्यांच्या बातम्या लागतात त्याला कोणावरच विश्वास ठेवता येत नाही. पुण्याचा कोतवाल घाशीराम याच्यावर नानांनी नको तितका भार टाकला. 1791 साली त्याने परगावच्या तेलंगी ब्राह्मणांना कोंडून ठेवले, त्यांतले वीसाहून अधिक गुदमरून मेले, आणि खवळलेल्या लोकांनी घाशीरामाला दगडांनी ठेचले. जगाच्या बातम्या ठेवणाऱ्याला आपल्या दाराबाहेरचा जुलूम दिसला नाही काय? घाशीरामावर पुढे 1972 साली नाटक आले. त्यातले नाना रंगेल दाखवले आहेत, त्यावरून खूप गदारोळ झाला. नाटक ते नाटक. पण नानांनी नऊ लग्ने केली हे तर खरेच. मूल जगेना म्हणून केली असे म्हणतात. पानिपताहून उपाशी पायांनी परतलेली यशोदाबाई एक, आणि शेवटची जिऊबाई, नाना गेले तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांची पोर. पुरुषांनी लिहिलेल्या चरित्रांत हे एका ओळीत उरकलेले असते. आपण बायकांनी तरी तिथे जरा थांबावे.

आता आपल्या शिवनेरीकडे येऊ. राघोबादादा वारले होते. त्यांचे मुलगे बाजीराव आणि चिमाजी आप्पा, आणि दत्तक अमृतराव, हे नाशिकजवळ आनंदवल्लीस नजरकैदेत होते. 1794 साली आनंदीबाई वारल्या, आणि त्याच वर्षाच्या सुमारास या तिघांना आणून जुन्नरास शिवनेरीवर ठेवले. बाजीराव एकोणीस-वीस वर्षांचे. दिसायला देखणे, बोलणे गोड, शास्त्रात गती. पुण्यात सवाई माधवराव जवळजवळ त्याच वयाचे. नात्याने बाजीराव त्यांचे चुलतकाका, पण खेळगडी शोभावेत असे दोघे. सवाई माधवराव पेशवे खरे, पण उठायचे कधी, बसायचे कधी, भेटायचे कोणाला, सगळे नाना ठरवीत. लहानपणी ते गरजेचे होते. पण एकविसाव्या वर्षी?

बंदोबस्तावर बळवंतराव नागनाथ वामोरीकर नावाचे एक अंमलदार होते. बाजीरावांनी त्यांना गोड बोलून वश केले आणि त्यांच्या हाते पुण्यास पत्र पोहोचवले. आशय असा की आम्ही जुन्नरास अडकलेले, आपण पुण्यात अडकलेले, दोघांची गत एकच. तरी माया तर कोणी रोखू शकत नाही. वडिलांची भांडणे वडिलांची. तरुण पेशव्याच्या मनाला ते लागले. उलट उत्तर गेले. पुन्हा पत्र आले. गडावरचे दरवाजे बंद, पहारे कडेकोट, आणि चिठ्ठ्या मात्र जात-येत होत्या.

नानांना हे कळायचे राहते थोडेच! पत्रव्यवहार उघडा पडला. वामोरीकरांना बेड्या घालून किल्ल्यावर पाठवले, शिवनेरीवरचा जाच वाढवला, आणि सवाई माधवरावांना नानांनी कडक शब्दांत बोल लावला. नानांच्या बाजूने पाहिले तर चूक म्हणवत नाही. ज्या माणसाने या मुलाच्या बापाच्या खुनानंतर वीस वर्षे दौलत सांभाळली, त्याला राघोबाच्या मुलाशी चोरून पत्रे गेलेली कशी पाहवतील? पण मुलाच्या बाजूने पाहिले तर त्याला आयुष्यात आपणहून मिळालेले ते पहिलेच मैत्र होते. सवाई माधवराव खिन्न राहू लागले. त्यातच ताप होता असेही सांगतात. दसऱ्याला दरबारात बसले, आणि 25 ऑक्टोबर 1795 रोजी शनिवारवाड्यात वरून खाली कोसळले. कारंज्यावर आदळून जबर मार बसला आणि 27 तारखेला प्राण गेला. तोल गेला की उडी घेतली, यावर आजही दोन मते आहेत. पुरंदरावर ज्या बाळाची दोन बायका वाट पाहत होत्या, त्याचा शेवट असा झाला.

त्यानंतर नानांचा हात कापू लागला असे म्हणावे लागेल. बाजीराव पेशवा होऊ नये म्हणून त्यांनी सवाई माधवरावांच्या विधवेच्या मांडीवर दत्तक द्यायचा घाट घातला. पण दौलतराव शिंदे बाजीरावांकडे वळत आहेत असे दिसताच त्यांनी स्वतःच परशुरामभाऊ पटवर्धनांना शिवनेरीस पाठवले. अमृतरावांचा विश्वास बसेना. तेव्हा परशुरामभाऊंनी गाईचे शेपूट हाती धरून गोदावरीची शपथ घेतली. मगच बाजीराव गड उतरून 1796 च्या मार्चात पुण्यास गेले. ज्याच्या चिठ्ठ्या पकडल्या, त्यालाच पेशवाई द्यायला आपल्या जुन्नरच्या वाटेने पालखी पाठवावी लागली. पुढे उलटसुलट डाव झाले, नाना कोकणात महाडपर्यंत निघून गेले, आणि वर्षाअखेर बाजीराव पेशवे झाले. 1797 च्या शेवटच्या दिवशी नानांना दगा देऊन धरले. मोरोबांना ज्या नगरच्या किल्ल्यात त्यांनी बसवले होते, तिथेच आता ते स्वतः कैदी झाले. सात महिन्यांनी सुटका झाली आणि 13 मार्च 1800 रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला.

मागे राहिली ती जिऊबाई. बाजीरावांचा डोळा नानांच्या द्रव्यावर होता, आणि ही पोर लोहगडाच्या आश्रयाला गेली. नानांच्या विश्वासातले किल्लेदार धोंडोपंत यांनी गड आणि बाई दोन्ही सांभाळली. 1804 साली इंग्रजांनी मध्ये पडून तिला सालाचे बारा हजार रुपये ठरवून दिले. वाईजवळ कृष्णाकाठी मेणवलीस नानांनी बांधलेला वाडा आणि घाट आहे. तिथेच नानांचे कागद राहिले. पुढे पारसनिसांनी ते मिळवून साताऱ्यास नेले, आणि 1939 साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. पेशव्यांचे सरकारी दप्तर मात्र 1818 नंतर इंग्रजांनी आपल्या कुलपात ठेवले होते. जमिनी-इनामांच्या चौकशीसाठी ते उघडत, पण अभ्यास करणाऱ्यांना सहजी दाखवीत नसत. शंभराहून अधिक वर्षांनी, 1930 च्या सुमारास, रियासतकार सरदेसाई यांना ते पाहायला मिळाले, आणि त्यांनी निवडक कागदांचे 45 भाग छापून काढले. मोडीच्या त्या रुमालांतून जासुदांची पत्रे बाहेर आली, तेव्हा ती लिहिणारे, वाचणारे आणि लपवणारे सगळेच कधीचे काळाआड गेले होते.